साडेपाच तासांचा घोळ : प्रोग्राममध्ये तारीख, वेळ आणि टाइमझोन कसे सांभाळावेत

लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या महसूल मंडळात बसवलेला स्वयंचलित पर्जन्यमापक डोळ्यांसमोर आणा. दर १५ मिनिटांनी तो पावसाचा आकडा सर्व्हरला पाठवतो. सप्टेंबरातली रात्र आहे, सोयाबीन काढणीला आलंय. रात्री २ वाजता पाऊस सुरू होतो आणि सकाळी ८ ला उघडतो. एकूण ७२ मिलिमीटर. त्यातला ४१ पहाटे साडेपाचच्या आत, ३१ त्यानंतर. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर आहे आणि अहवालाची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) फक्त तारखेनुसार बेरीज करते. यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे ५:३० ला बदलते. म्हणून अहवालात आदल्या तारखेला ४१ आणि दुसऱ्या तारखेला ३१ असे दोन आकडे पडतात. अतिवृष्टी धरायला २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस लागतो. दोन्ही आकडे त्याच्या खाली. रानात गुडघाभर पाणी आणि अहवालात अतिवृष्टी नाही.

या सगळ्यात प्रोग्राम कुठेही अडखळला नाही, लॉगमध्ये एकही एरर नाही. टाइमझोनच्या चुका अशाच गुपचूप होतात. त्यातून आपल्या देशात एकच टाइमझोन, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धतही नाही. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरला बसून कोड लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर यातल्या बहुतेक चुका दिसतच नाहीत. लॅपटॉप भारतीय वेळेवर, त्यावरचा डेटाबेसही भारतीय वेळेवर, सगळं छान जुळतं. कोड क्लाउडवर चढला की सर्व्हर यूटीसीवर असतो आणि तिथून आकडे सरकायला लागतात.

(फंक्शन आणि टाइपची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि आकडे नेहमीच्या इंग्रजी अंकांतच टाकायचे.)

पहिली पायरी : प्रत्येक रकान्याला विचारा, ही नेमकी कसली वेळ आहे?

टेबल बनवण्याआधी कागदावर सगळे तारीख-वेळेचे रकाने लिहून काढा आणि प्रत्येकापुढे त्याचा प्रकार मांडा. प्रकार चारच आहेत.

घडून गेलेला क्षण : पैसे जमा झाले, सेन्सरने नोंद घेतली, वापरकर्त्याने लॉगिन केलं. हा क्षण जगात सगळीकडे एकच असतो. तो यूटीसीत साठवायचा आणि दाखवताना हव्या त्या टाइमझोनमध्ये बदलायचा.

नुसती तारीख : जन्मतारीख, फेरफाराची तारीख, सणाची सुट्टी. हिला वेळही नाही आणि टाइमझोनही नाही. ती 'डेट' टाइपमध्येच ठेवायची.

पुढची ठरवलेली वेळ : येत्या मार्चमधला वर्ग, मीटिंग, औषधाची आठवण. इथे घड्याळातली वेळ आणि टाइमझोनचं नाव असे दोन रकाने लागतात. का, ते पुढे येईल.

चौथा प्रकार बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे ठरवून घेतलेला दिवस. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं ते भारतीय वेळेच्या मध्यरात्री. १ एप्रिलला रात्री २ वाजता फाटलेली ऑनलाइन पावती यूटीसीत ३१ मार्च, २०:३० अशी दिसते आणि क्वेरीने यूटीसीची तारीख घेतली, की ती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

पावसाचा दिवस याहून वेगळा आहे. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत तो सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा धरतात आणि ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहितात. भारतीय ८:३० म्हणजे यूटीसी ३:००. त्यामुळे वरच्या उदाहरणात 'यूटीसीऐवजी भारतीय तारीख घेतली की झालं' हेही अर्धंच उत्तर आहे. तो पाऊस २ ते ८ मध्ये पडला म्हणून एका तारखेत बसला. रात्री १० ते पहाटे ४ पडला असता, तर मध्यरात्रीने त्याचे पुन्हा दोन तुकडे केले असते.

याचं गणित असं करा. नोंदीची वेळ भारतीय वेळेत आणा, त्यातून ८ तास ३० मिनिटं वजा करा, उरलेल्याची तारीख घ्या आणि तिच्यात एक दिवस मिळवा. १२ तारखेच्या रात्री ११ चा पाऊस : वजा करून १२ ची दुपार २:३०, तारीख १२, अधिक एक म्हणजे १३. बरोबर. १३ ला पहाटे ४ चा पाऊस : वजा करून १२ ची संध्याकाळ ७:३०, पुन्हा १३. दोन्ही एकत्र आले.

सीमेवरची नोंद मात्र स्वतंत्रपणे तपासावी लागते. ८:३० चा शिक्का असलेली नोंद बहुधा ८:१५ ते ८:३० या पंधरा मिनिटांची असते, म्हणजे ती संपणाऱ्या दिवसाची आहे. वरचं गणित तिला पुढच्या दिवसात ढकलतं. म्हणून आधी यंत्राची माहितीपुस्तिका उघडून शिक्का कालावधीच्या सुरुवातीचा आहे की शेवटाचा, ते पाहा. शेवटाचा असेल तर १५ मिनिटं मागे नेऊन मग गणित करा.

आणि वेळ मोजल्याची घ्या, सर्व्हरवर पोहोचल्याची घेऊ नका. जोराच्या पावसात नेटवर्क जातं, यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि दुपारी एकदम पाठवतं. दोन्ही वेळा वेगवेगळ्या रकान्यांत ठेवल्या, तर काही बिघडलं तेव्हा शोध घेता येतो. यंत्रातलं घड्याळ हाताने भारतीय वेळेवर लावलंय की जीपीएसवरून यूटीसी घेतंय, हे बसवतानाच लिहून ठेवावं. काही यंत्रं अशी आणि काही तशी असली, तर नंतर कोणती कशी होती, हे डेटावरून ओळखणं फार कठीण जातं.

एक जूनची जन्मतारीख

मराठवाड्यात १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे, हे कुठल्याही शाळेचं रजिस्टर उघडलं की कळतं. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली की गुरुजींनी १ जून लिहिली, अशा पिढ्याच्या पिढ्या आहेत. या तारखा एखाद्याने तारीख-वेळ टाइपमध्ये ठेवल्या, तर १ जून, ००:०० ही भारतीय मध्यरात्र यूटीसीत ३१ मे, १८:३० होते. छापताना परत बदलायचं राहिलं, की अर्जावर ३१ मे येते, आधार कार्डाशी जुळत नाही आणि अर्ज नाकारला जातो.

यावर 'सरळ साडेपाच तास मिळवून टाकू' असा उपाय केला, तर तरुणांच्या तारखा सुधारतात, पण वृद्धांच्या काही चुकीच्याच राहतात. कारण दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ काही काळ एक तास पुढे होतं. टाइमझोनच्या डेटाबेसप्रमाणे १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होता. तारीख-वेळेच्या तयार कोडला, म्हणजे लायब्ररीला, हे ठाऊक असतं. तिने १ जून १९४४ ची मध्यरात्र यूटीसीत नेली की ३१ मे, १७:३० होते. त्यात तुम्ही हाताने साडेपाच तास मिळवले की येतात रात्रीचे ११, तारीख ३१ मे. निराधार योजनेच्या यादीतल्या आजीबाईंची तारीख चुकते आणि बाकी सगळ्यांची बरोबर दिसते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. 'डेट' टाइप वापरला असता, तर यातलं काहीच उद्भवलं नसतं.

टाइमझोन म्हणजे नाव, आकडा नव्हे

'+५:३०' हा त्या क्षणीचा फरक झाला. टाइमझोन म्हणजे त्या ठिकाणचे आजवरचे आणि पुढचे सगळे नियम. साठवताना 'एशिया/कोलकाता', 'अमेरिका/न्यूयॉर्क' अशी पूर्ण नावं ठेवा. ही नावं 'टीझेड डेटाबेस'मधली आहेत आणि २०११ पासून तो आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. 'आयएसटी' हे संक्षिप्त रूप साठवू नका. भारत, इस्राएल आणि आयर्लंड तिघेही ते वापरतात.

आपल्या झोनचं जुनं नाव 'एशिया/कलकत्ता' होतं आणि ते अजूनही चालतं. क्रोम ब्राउझर वापरकर्त्याचा झोन सांगताना अनेकदा हेच जुनं नाव देतो. तुमच्या कोडमध्ये 'झोन एशिया/कोलकाता असेल तरच' अशी अट असेल, तर भारतातलाच माणूस बाहेरचा ठरतो. दोन्ही नावं एकच समजा.

चिन्हांचा गोंधळ तर भल्याभल्यांना चकवतो. 'ईटीसी/जीएमटी+५' या नावाचा झोन यूटीसीच्या पाच तास मागे आहे, पुढे नाही. पोस्टग्रेसमध्ये 'यूटीसी+५:३०' असं झोनचं नाव म्हणून लिहिलं, तर तेही उलटं धरलं जातं आणि उत्तर ११ तासांनी चुकतं. जावास्क्रिप्टचं 'गेटटाइमझोनऑफसेट' भारतात उणे ३३० देतं. उत्तर नेमकं ११ तासांनी हुकलेलं दिसलं, की आधी चिन्ह तपासा.

डेटाबेस

पोस्टग्रेसमध्ये क्षणासाठी 'टाइमस्टॅम्पटीझेड' वापरा. नावावरून वाटतं तसा तो झोन साठवत नाही. आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि वाचताना सेशनच्या, म्हणजे त्या वेळच्या कनेक्शनच्या, झोनमध्ये दाखवतो. साधा 'टाइमस्टॅम्प' जास्त धोक्याचा, कारण '+०५:३०' लावून दिलेली वेळसुद्धा तो हा फरक गाळून, न कुरकुरता साठवतो. 'ॲट टाइम झोन' दोन्ही दिशांनी चालतं : टाइमस्टॅम्पटीझेडवर लावलं तर त्या झोनमधली घड्याळाची वेळ मिळते, साध्या टाइमस्टॅम्पवर लावलं तर 'ही वेळ त्या झोनमधली होती' असं समजून क्षण बनतो. रकान्याचा टाइप न बघता लावलं, की साडेपाच तास उलट दिशेने जातात.

मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टॅम्प' सेशनच्या झोनप्रमाणे बदलतो, 'डेटटाइम' जशीच्या तशी वेळ ठेवतो. वेबसाइटचं कनेक्शन एका झोनवर आणि अहवालाच्या स्क्रिप्टचं दुसऱ्यावर असलं, की टाइमस्टॅम्पची एकच ओळ दोघांना वेगळी दिसते. म्हणून कनेक्शन उघडताच झोन '+००:००' असा स्वतः ठरवा. शिवाय टाइमस्टॅम्पची मर्यादा १९ जानेवारी २०३८ पर्यंतच आहे. आज घेतलेल्या १५ वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्यापलीकडे जातो. 'कन्व्हर्ट_टीझेड'ला झोनचं नाव दिल्यावर उत्तर नल (रिकामं) आलं, तर कोडमध्ये शोधत बसू नका. झोनची टेबलं भरलेली नसतात. 'मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल' ही आज्ञा चालवून ती भरायची.

ब्राउझरमधली तारीख

नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला देश-विदेशातून यात्रेकरू येतात. त्यांच्यासाठी एखाद्या निवासाचं बुकिंग पान बनवताय असं समजा. यात्रेकरू कॅलेंडरवर १४ ऑक्टोबर २०२६ निवडतो. कॅलेंडर त्याच्या संगणकावरच्या मध्यरात्रीचा क्षण बनवतं आणि कोड त्याचं 'टूआयएसओस्ट्रिंग' करून (यूटीसीतली तारीख-वेळ मजकूर म्हणून घेऊन) पहिली १० अक्षरं, म्हणजे तारीख, सर्व्हरला पाठवतो. टोरांटोहून : मध्यरात्र म्हणजे यूटीसी ४:००, तारीख १४, बरोबर. नांदेडहून : यूटीसी १३ ऑक्टोबर, १८:३०, तारीख १३. लंडनहून : तिथलं घड्याळ तेव्हा उन्हाळ्याचं, म्हणून १३ ऑक्टोबर, २३:००, पुन्हा १३. आणि लंडनहूनच १४ नोव्हेंबर निवडला तर बरोबर! चार जणांनी चार वेगळी लक्षणं कळवली, तरी चूक एकच आहे. उपाय : वर्ष, महिना, दिवस सुटे काढून त्यांची स्ट्रिंग बनवा आणि सर्व्हरवर ती 'डेट'मध्येच ठेवा. महिना काढताना जावास्क्रिप्ट जानेवारीला ० मानतं, हे लक्षात असू द्या.

वाचतानाही असाच एक खड्डा आहे. 'न्यू डेट'ला नुसती '२०२६-०८-१५' दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र समजतो. पुढे 'टी००:००' जोडलं तर स्थानिक मध्यरात्र समजतो. पहिल्या प्रकारात भारतात १५ ऑगस्ट, सकाळी ५:३० असं येतं, तारीख बरोबर दिसते आणि कोड पास होतो. न्यूयॉर्कमध्ये तीच १४ ऑगस्ट दिसते.

मराठीत पान दाखवणाऱ्यांसाठी आणखी एक. 'टूलोकेलडेटस्ट्रिंग'ला 'एमआर-आयएन' दिलं, की तारीख देवनागरी अंकांत येते. दाखवायला ते उत्तमच. पण तीच स्ट्रिंग कुणी सर्व्हरला पाठवली किंवा परत 'न्यू डेट'मध्ये घातली, तर ती वाचताच येत नाही. लोकेलची स्ट्रिंग फक्त डोळ्यांसाठी वापरा, हिशेबासाठी नेहमी '२०२६-०८-१५' असं आयएसओ रूप ठेवा.

पायथन आणि जावा

पायथनमध्ये 'यूटीसीनाऊ' वापरणं सोडा. ते यूटीसीची वेळ देतं खरं, पण तिच्यावर झोनची खूण नसते. नंतर कुणी तिच्यावर 'टाइमस्टॅम्प' चालवलं, की पायथन ती स्थानिक वेळ धरतं आणि भारतातल्या लॅपटॉपवर साडेपाच तास हरवतात. ३.१२ आवृत्तीपासून ते कालबाह्य ठरवलं आहे. त्याजागी 'नाऊ'ला 'टाइमझोन.यूटीसी' द्या.

जुन्या कोडमध्ये 'पायटीझेड' ही टाइमझोनची लायब्ररी असेल आणि झोन थेट 'टीझेडइन्फो'मध्ये घातला असेल, तर भारतीय वेळेचा फरक ५:३० ऐवजी ५:५३ येतो. पायटीझेडने तिथे कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ उचललेली असते. वेळा बरोबर २३ मिनिटांनी चुकत असतील, तर कारण हेच, दुसरं शोधू नका. 'लोकलाइझ' वापरा, किंवा ३.९ पासून पायथनसोबतच येणाऱ्या 'झोनइन्फो'वर या. विंडोजवर त्यासोबत 'टीझेडडेटा' पॅकेज टाकावं लागतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या डॉकर इमेजमध्येही (प्रोग्राम चालवायच्या तयार गठ्ठ्यात) झोनची माहिती नसते, ती वेगळी बसवावी लागते.

जावात 'जावा.टाइम' वापरा. फॉरमॅटमध्ये मोठा वाय घालू नका, कारण तो आठवड्याप्रमाणे वर्ष मोजतो आणि ३१ डिसेंबर २०२५ ला २०२६ छापतो. छोटा वाय पाहिजे.

पुढच्या वेळा आणि परदेशी घड्याळ

लातूरचे शिक्षक संध्याकाळी ७ वाजता ऑनलाइन वर्ग घेतात आणि एक विद्यार्थिनी न्यूयॉर्कमध्ये आहे. तिला तो उन्हाळ्यात सकाळी ९:३० ला, हिवाळ्यात ८:३० ला पडतो. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतं. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चार तासांचा असतो. पहिला प्रश्न तांत्रिक नाही : वर्ग कुणाच्या घड्याळाला बांधलेला आहे? ते ठरवून त्या ठिकाणची वेळ आणि झोनचं नाव साठवा, प्रत्येक वर्गाचा क्षण आयत्या वेळी काढा. यूटीसीत १६८ तास मिळवत पुढचा आठवडा काढला आणि वर्ग न्यूयॉर्कच्या घड्याळाला बांधलेला असला, तर मार्चमध्ये तो एका तासाने हुकतो.

पुढच्या वेळा यूटीसीत गोठवायच्या नाहीत, कारण सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतांश देशातली उन्हाळी वेळ रद्द केली, इजिप्तने २०२३ मध्ये ती परत आणली, कझाकस्तानने १ मार्च २०२४ ला सगळा देश एका झोनवर आणला. आधी साठवलेले यूटीसी क्षण अशा वेळी चुकीचे ठरतात. झोनचं नाव असेल, तर टीझेड डेटा अद्ययावत केला की पुरतं. सर्व्हरवरचा, जावातला आणि डेटाबेसमधला टीझेड डेटा वेगवेगळा असू शकतो, तिन्ही पाहा.

घड्याळ सरकतं त्या रात्री काही वेळा येतच नाहीत, काही दोनदा येतात. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला रात्रीचे २:३० वाजणारच नाहीत. १ नोव्हेंबरला १:३० दोनदा वाजतील. पायथनमध्ये दुसरी वेळ हवी असेल, तर 'फोल्ड' १ ठेवतात. न आलेल्या वेळेचं काय करायचं, पुढे ढकलायची की नाकारायची, हे ठरवून कोडमध्ये लिहून ठेवा.

क्रॉन

क्रॉन म्हणजे सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय. यूटीसीवरच्या सर्व्हरवर सकाळी ६ चं काम ००:३० ला लावतात, इथवर सोपं. सोमवारी रात्री २ चं काम यूटीसीत रविवारी २०:३० ला येतं, म्हणून वारही बदलावा लागतो. आणि 'दर महिन्याच्या १ तारखेला रात्री १ वाजता' हे यूटीसीच्या साध्या क्रॉन ओळीत मांडताच येत नाही, कारण ते मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी १९:३० ला येतं आणि तो दिवस २८, २९, ३० किंवा ३१ असू शकतो. सिस्टमडीच्या टायमरमध्ये 'ऑनकॅलेंडर'च्या शेवटी झोनचं नाव लिहिता येतं, कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबला 'टाइमझोन' हा रकाना आहे. 'क्रॉन_टीझेड' ही ओळ काही लिनक्सवरचा क्रॉन मानतो, काहींवरचा मानत नाही. पाच मिनिटांनंतरचं काम लावून आधी खात्री करा.

चाचणी आणि बिघडलेला डेटा

सगळे टेस्ट तीनदा चालवा : 'टीझेड' हा पर्यावरण चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) आधी यूटीसी, मग न्यूयॉर्क, मग काठमांडू ठेवून. काठमांडू ५:४५ वर असल्याने ५:३० कुठे हाताने लिहिलं असेल तर पकडलं जातं. टेस्टमध्ये घड्याळ गोठवून या वेळा नक्की घाला : भारतीय ००:१०, ५:२९, ५:३१, ८:३०, १ एप्रिलची पहाट आणि वरच्या अमेरिकी रात्री.

डेटा आधीच बिघडला असेल, तर आधी तो कसा बिघडला ते ओळखा. बाजार समितीतले सौदे समजा सकाळी १० ते संध्याकाळी ६ मध्ये होतात. तासांनुसार नोंदी मोजा. त्या ४:३० ते १२:३० मध्ये दिसल्या, तर यूटीसीची वेळ भारतीय समजून दाखवली जातेय. १५:३० ते २३:३० मध्ये दिसल्या, तर साडेपाच तास दोनदा मिळवलेत. दोन्ही गट दिसले, तर मधेच कधीतरी कोड बदलला. महिनावार मोजणी करून ती तारीख शोधा. जुना रकाना जागच्या जागी सुधारू नका. बॅकअप घ्या, शेजारी नवा टाइमस्टॅम्पटीझेड रकाना करा, कोणत्या गटाला कोणता नियम लावला ते तिसऱ्या रकान्यात लिहा आणि छापील पावत्यांवरच्या ४०-५० वेळांशी ताडून पाहा. त्या जुळल्यावरच अहवाल नव्या रकान्यावर वळवा, आणि जुना रकाना निदान एक आर्थिक वर्ष तसाच राहू द्या.